गो–वेन्ट–गॉन: इंग्रजी अनियमित क्रियापदांची रूपं लक्षात ठेवायची कशी?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी इंग्रजी नीट शिकायला घेतलं आहे. वाचलेलं कळतं, बोलणंही बऱ्यापैकी जमतं, पण लिहायला बसलं की क्रियापदाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपापाशी गाडी अडते. वॉक–वॉक्ड–वॉक्ड, प्ले–प्लेड–प्लेड इथवर काही त्रास नाही. त्रास आहे तो टेक–टुक–टेकन, ब्रिंग–ब्रॉट–ब्रॉट, कट–कट–कट यांचा. व्याकरणाच्या पुस्तकात मागे जो तक्ता असतो तो 'ए'पासून सुरू होतो: अराइज, अवेक, बी, बेअर, बीट, बिकम... 'डी'पर्यंत पोचेतो 'बी'मधली अर्धी विसरायला होतात.

तुम्ही कोणत्या पद्धतीने पाठ केलीत? आणि मुळात यांना काही नियम आहे का? कुठे 'ईडी' लागतो, कुठे आतला स्वर बदलतो, कुठे काहीच होत नाही. असं का?

खडूफळा

कोरीपाटी, अडचण तुमच्या स्मरणशक्तीची नाही, तक्त्याच्या क्रमाची आहे. इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली, आणि वर्गात तो 'ए टू झेड' तक्ता मी कधीच त्या क्रमाने घेतला नाही. बिगिन आणि बेंड शेजारी बसवून काय साधतं? दोघांचं नातं फक्त पहिल्या अक्षरापुरतं. बिगिनचं खरं गणगोत वेगळंच आहे. मोठ्याने म्हणून बघा:

सिंग–सँग–संग
रिंग–रँग–रंग
ड्रिंक–ड्रँक–ड्रंक
सिंक–सँक–संक
स्विम–स्वॅम–स्वम
बिगिन–बिगॅन–बिगन

इ, ॲ, अ. एकदा ही चाल कानात बसली की श्रिंक आणि स्प्रिंग वेगळे पाठ करावे लागत नाहीत. म्हणून माझं सांगणं असं की क्रियापदं अक्षरावरून नाही, आवाजावरून लावा.

दुसरं मोठं घराणं 'न'वाल्यांचं. त्यात दोन शाखा आहेत आणि नेमका इथेच घोळ होतो. एका शाखेत भूतकाळात बदललेला स्वर तिसऱ्या रूपातही टिकतो, नुसता 'न' वाढतो: ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, स्पीक–स्पोक–स्पोकन, स्टील–स्टोल–स्टोलन, चूझ–चोझ–चोझन, फ्रीझ–फ्रोझ–फ्रोझन, हाइड–हिड–हिडन. टेअर–टोर–टॉर्न आणि वेअर–वोर–वॉर्न हेही त्यांचेच. दुसऱ्या शाखेत तिसरं रूप मूळ स्वराकडे परत येतं: टेक–टुक–टेकन, गिव्ह–गेव्ह–गिव्हन, ईट–एट–ईटन, फॉल–फेल–फॉलन, नो–न्यू–नोन, थ्रो–थ्रू–थ्रोन. 'टुकन' किंवा 'गेव्हन' कुणी लिहीत असेल तर त्याला या दोन शाखा वेगळ्या करून दाखवाव्यात, लगेच उलगडतं. राइट–रोट–रिटन, ड्राइव्ह–ड्रोव्ह–ड्रिव्हन, राइड–रोड–रिडन, राइज–रोझ–रिझन यांत मात्र तिन्ही ठिकाणी तीन स्वर. ही चार एका दमात म्हणावीत.

कम–केम–कम, बिकम–बिकेम–बिकम, रन–रॅन–रन ही छोटी टोळी. पहिलं आणि तिसरं एकच.

कट, पुट, हिट, हर्ट, शट, लेट, सेट, कॉस्ट, स्प्रेड यांची तिन्ही रूपं सारखी. सगळी 'टी' किंवा 'डी'ने संपतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

वाटसरू

खडूफळा सर, आदर राखून थोडा विरोध करतो. मी तो तक्ता वरून खाली घोकूनच पाठ केला आणि तो आजही तोंडात आहे. गो–वेन्ट–गॉन म्हणताना जो ठेका येतो, त्याने काम होतं. घोकंपट्टीला आपण उगाच नावं ठेवतो.

खडूफळा

वाटसरू, घोकण्याला माझा विरोध नाहीच. ठेका हवाच, तीन रूपं नेहमी एका श्वासातच म्हणावीत. मी बोलतोय ते कोणामागे कोण घ्यायचं याबद्दल. सारख्या चालीची सहा क्रियापदं एकत्र घोकली तर सातवं नवखं भेटलं तरी ते कोणत्या चालीत जाईल याचा अंदाज बांधता येतो. अक्षरक्रमाने घोकलेलं तेवढंच राहतं, त्याला फांदी फुटत नाही.

अक्षरवेल

सरांची मांडणी छानच. पण रूपं पाठ होणं ही अर्धीच गोष्ट झाली. तिन्ही रूपं धडाधड म्हणणारी माणसं वाक्यात 'आय हॅव वेन्ट' आणि 'ही डिड नॉट केम' लिहितात. हे का होतं याचं उत्तर मला आपल्या मराठीतच सापडतं.

हे बघा: 'त्याने पत्र लिहिलं' आणि 'त्याने पत्र लिहिलं आहे'. मराठीत 'लिहिलं' तेच राहिलं, पुढे फक्त 'आहे' आलं. इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'रोट' आणि दुसऱ्यात 'हॅज रिटन'. मराठी डोकं आहे तेच रूप ठेवून 'हॅज' जोडतं आणि 'हॅज रोट' तयार होतं. वॉक्डसारख्या नियमित क्रियापदात दोन्ही रूपं एकच असल्याने ही चूक दिसत नाही. अनियमितात लगेच उघडी पडते.

नकाराचंही तसंच. 'तो आला', 'तो आला नाही'. आपण भूतकाळ 'आला'मध्येच ठेवतो आणि 'नाही' नुसतं मागे लावतो. इंग्रजीत नकार करताना भूतकाळ 'डिड'कडे जातो आणि मूळ क्रियापद मोकळं होतं: ही केम, पण ही डिड नॉट कम. प्रश्नातही तेच: डिड यू सी, डिड यू गो. 'डिड यू सॉ' म्हटलं की भूतकाळ दोनदा लागला.

म्हणून माझा नियम साधा आहे. दुसरं रूप एकटं उभं राहतं, त्याला कुणाची मदत लागत नाही: शी रोट, दे ब्रोक, आय सॉ. तिसरं रूप काळ दाखवताना कधीच एकटं येत नाही. त्याच्या आधी हॅव, हॅज, हॅड हवं, नाहीतर कर्मणी प्रयोगातलं इज, वॉज, बीन हवं. शी हॅज रिटन, इट वॉज ब्रोकन. आणि तिसरं रूप नामाआधी विशेषणासारखंही येतं, तिथे आपलं '-लेला' बसतं: ब्रोकन ग्लास म्हणजे फुटलेली काच, रिटन रिप्लाय म्हणजे लिहिलेलं उत्तर. अडलात तर मनात '-लेला' लावून बघा. 'फुटलेली' म्हणायचं असेल तर ब्रोकन, 'फुटली' म्हणायचं असेल तर ब्रोक.

कोरीपाटी

अक्षरवेल ताई, '-लेला' लावून बघण्याची युक्ती फारच कामाची आहे. आजच दहा वाक्यं लिहून पाहते.

सर, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ब्रिंगचं 'ब्रँग–ब्रंग' का होत नाही? आणि ब्रॉट, बॉट, थॉट, कॉट, टॉट यांची स्पेलिंगं मला कायम गोंधळात टाकतात. कुठे ओ-यू-जी-एच-टी आणि कुठे ए-यू-जी-एच-टी?

खडूफळा

स्पेलिंगचं आधी सांगतो, कारण त्याला पक्की खूण आहे. मूळ क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये 'ए' हे अक्षर आहे का बघा. टीच आणि कॅच या दोघांत 'ए' आहे, म्हणून त्यांच्या भूतकाळातही 'ए': टी-ए-यू-जी-एच-टी, सी-ए-यू-जी-एच-टी. ब्रिंग, थिंक, बाय, सीक, फाइट यांत 'ए' नाही, तिथे सगळीकडे 'ओ-यू'. या घराण्यात ही खूण कुठेच फसत नाही.

ब्रॉट आणि बॉट यांची अदलाबदल फार होते. ब्रिंगमध्ये 'आर' आहे म्हणून ब्रॉटमध्ये आहे. बायमध्ये नाही म्हणून बॉटमध्ये नाही. विकत घेतलं तर 'आर' नको, आणलं तर हवा.

ब्रिंग दिसायला सिंगसारखं असलं तरी जन्माने थिंकच्या घरचं आहे. या दोघांचं रूप पूर्वीपासून 'टी' लागूनच होत आलं आहे. ॲ–अ करणारे सिंग, रिंग, स्प्रिंग. आणि त्यांच्याशेजारी आणखी एक ओळ आहे जिथे मधला 'ॲ' गळून पडतो: स्विंग–स्वंग–स्वंग, क्लिंग–क्लंग–क्लंग, स्टिंग–स्टंग–स्टंग, फ्लिंग, स्लिंग, तसंच विन–वन–वन, स्पिन–स्पन–स्पन, स्टिक–स्टक–स्टक, डिग–डग–डग. 'डब्ल्यू'ने सुरू होणारं रिंग म्हणजे पिळणं, त्याचं रंग–रंग. घंटा वाजवण्याचं रिंग मात्र रँग–रंग. उच्चार एकच, चाली दोन.

मृदगंध

'असं का' या प्रश्नाकडे अजून कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. हा माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे.

सिंग–सँग–संगसारखा आतला स्वर बदलणं हे इंग्रजीतलं अपवादात्मक वागणं नाही, ते तिचं सर्वात जुनं व्याकरण आहे. 'ईडी' लावणं ही त्यामानाने नंतरची सोय, जर्मानिक भाषा (इंग्रजी, जर्मन यांचं कुळ) ज्या मूळ भाषेतून संस्कृतही आली तिच्यापासून वेगळ्या झाल्यावर आलेली. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने स्वर बदलणाऱ्यांना सबळ आणि प्रत्यय घेणाऱ्यांना दुर्बळ क्रियापदं म्हटलं, ती नावं भाषाशास्त्रात आजही चालतात.

स्वरबदल आपल्याला परका नाही. संस्कृतात 'वेद' म्हणजे मी जाणतो आणि 'विद्म' म्हणजे आम्ही जाणतो. एकवचनात एक स्वर, अनेकवचनात दुसरा. जुन्या इंग्रजीतही असंच होतं: मी गायलो याला 'सँग'चा पूर्वज आणि आम्ही गायलो याला 'संग'सारखं वेगळं रूप. पुढे वचनाचा भेद मिटला आणि प्रत्येक क्रियापदाने दोनांतलं एक रूप ठेवून घेतलं. सरांनी स्टिंग–स्टंगची जी ओळ दिली, तिथे 'अ'ची सरशी झाली. वचनाचा हा जुना भेद आता फक्त एका क्रियापदात जिवंत आहे: वॉज आणि वेअर.

आणि तिसऱ्या रूपातला तो 'न' बघा. संस्कृतात भिद् धातूचं 'भिन्न' होतं, छिद्चं 'छिन्न', अद् म्हणजे खाणे याचं 'अन्न', म्हणजे खाल्लेलं. इंग्रजीतलं बाइट हे भिद्चंच भावंडं आहे आणि ईट हे अद्चं. बाइट–बिट–बिटनमधला 'न' आणि भिन्नमधला 'न' एकाच कुळातले. ईटन आणि अन्न शेजारी ठेवून पाहिलं की मला दरवेळी भरून येतं.

गो–वेन्टचं कोडंही आपल्या घरात आहे. 'वेन्ट' हा मुळात वेंड या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंटसारखा. गोचा स्वतःचा जुना भूतकाळ मागे पडला आणि वेंडचा त्याच्या जागी आला. मराठीत 'जाणे'चं 'जाला' होत नाही, 'गेला' होतं. 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूपासून, 'गेला' आला 'गत'पासून. 'हो' आणि 'झाला' हेही असेच दोन वेगळ्या धातूंचे, भू आणि जन्. इंग्रजीतलं बी तर तीन धातूंतून जुळलेलं आहे: ॲम आणि इज हे अस्मि, अस्तिच्या नात्यातले, बी हे भूच्या, आणि वॉज हे राहणे या अर्थाच्या वस्च्या.

वाटसरू

भिन्न आणि बिटन! हे पहिल्यांदाच कळलं. आता विसरणं शक्य नाही.

पण मग कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट यांचं काय? त्यांत 'टी'ही लागतो आणि स्वरही बदलतो. हे सबळ की दुर्बळ?

मृदगंध

दुर्बळच. आधी नुसता प्रत्यय लागत होता. प्रत्ययामुळे पुढे दोन व्यंजनं एकत्र आली आणि आधीचा दीर्घ स्वर आखूड झाला. नंतर इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर सरकले, ऱ्हस्व स्वर फारसे हलले नाहीत, त्यामुळे कीप आणि केप्ट यांच्यातलं अंतर आणखी वाढलं. फील–फेल्ट, लीव्ह–लेफ्ट, मीट–मेट, लूझ–लॉस्ट, ड्रीम–ड्रेम्ट सगळी त्याच वाटेने आली. रीड–रेडही. त्याचं स्पेलिंग तिन्ही ठिकाणी एकच, पण वाचताना भूतकाळात 'रेड' असंच म्हणायचं.

शब्दफुले

या विषयावर एक सुंदर अभ्यास 2007 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला होता. एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली आणि पुढे त्यांचं काय झालं ते तपासलं. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत 145 अनियमित राहिली, आजच्या इंग्रजीत 98. बाकीच्यांनी 'ईडी' स्वीकारला. कोणती टिकली? जी रोज तोंडात असतात ती. त्यांच्या हिशेबाने एखादं क्रियापद शंभर पट कमी वापरलं जात असेल तर ते दहा पट वेगाने नियमित होतं.

हेल्प हे चांगलं उदाहरण. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्याचं तिसरं रूप 'होल्पन' असं भेटतं, आज सगळे 'हेल्प्ड' म्हणतात. मेल्टचं 'मोल्टन' फक्त विशेषण म्हणून उरलं: मोल्टन लाव्हा म्हणतात, पण बर्फासाठी 'हॅज मेल्टेड'. उलट प्रवासही झाला आहे. डिगचं भूतकाळी रूप त्याच बायबलमध्ये 'डिग्ड' आहे, आज 'डग'. अमेरिकेत डाइव्हचं 'डोव्ह' आणि स्नीकचं 'स्नक' तर अलीकडच्या काळात रुळलं.

कोरीपाटी, याचा तुम्हाला थेट उपयोग आहे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदं घ्या: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक, सी, कम. एकूण एक अनियमित. तेव्हा आधी हीच पक्की करा. 'स्मायट–स्मोट–स्मिटन' किंवा 'फरसेक–फरसूक–फरसेकन' वाचनात येतील तेव्हा बघता येईल.

अक्षरवेल

अगदी. आणि यात एक सवलत आहे. उपसर्ग लागला तरी क्रियापद आपली चाल सोडत नाही. स्टँड–स्टुड म्हणून अंडरस्टँड–अंडरस्टुड, टेक–टुक–टेकन म्हणून मिस्टेक–मिस्टुक–मिस्टेकन, कम–केम म्हणून ओव्हरकम–ओव्हरकेम. एकाच्या पाठांतरात तीन-चार सुटतात. फसवणारं एकच ठळकपणे आठवतं: वेलकम. त्याचं 'वेलकेम' नाही, 'वेलकम्ड' होतं.

लहान मुलांना याच क्रियापदांत बोलताना ऐकावं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ती मुलंही आधी 'वेन्ट' बरोबर म्हणतात, मग काही काळ 'गोड', 'होल्डेड' म्हणायला लागतात आणि पुन्हा 'वेन्ट', 'हेल्ड'वर येतात. मधल्या काळात त्यांना नियम सापडलेला असतो आणि तो ती सगळीकडे लावून बघतात. जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांपुढे बनावट शब्द ठेवून हेच तपासलं. 'ग्लिंग' अशा न ऐकलेल्या क्रियापदाचा भूतकाळ मुलं 'ग्लिंग्ड' असा करत, तर मोठ्यांपैकी काही जण 'ग्लँग' किंवा 'ग्लंग' म्हणत. सिंग–सँगची चाल मोठ्यांच्या कानात एवढी मुरलेली असते. सर म्हणतात ती फांदी फुटणं हेच.

कोरीपाटी

केवढं मिळालं इथे! वहीत घराण्यांप्रमाणे पानं पाडली आहेत. एक शेवटची शंका. लाय आणि ले. लाय–ले–लेन, ले–लेड–लेड, आणि खोटं बोलणे या अर्थाचं लाय–लाइड–लाइड. पहिल्याचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. हे सोडवायचं कसं?

मृदगंध

हेही मराठीने सुटतं. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे अशा जोड्या आहेत: एकात आपोआप घडतं, दुसऱ्यात कुणीतरी घडवतं. इंग्रजीत अशा जुन्या जोड्यांपैकी मोजक्या उरल्या. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे, झाड पाडतात तेव्हाचं. राइज म्हणजे उठणे, रेझ म्हणजे उठवणे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. तशीच लाय म्हणजे आडवं होणे आणि ले म्हणजे आडवं ठेवणे.

आता रूपं लावा. आपोआप घडणारी स्वर बदलतात: फॉल–फेल–फॉलन, राइज–रोझ–रिझन, सिट–सॅट–सॅट, लाय–ले–लेन. घडवणारी दुर्बळ: फेल–फेल्ड–फेल्ड, रेझ–रेझ्ड–रेझ्ड, ले–लेड–लेड. सेट तेवढं 'टी'मुळे न बदलता राहिलं. वाक्यात कर्म आहे का ते बघा. 'शी लेड द बुक ऑन द टेबल' इथे पुस्तक ठेवलं गेलं, म्हणून लेड. 'शी ले ऑन द बेड' इथे ठेवण्यासारखं काही नाही, म्हणून ले. खोटं बोलण्याचं लाय साधं नियमित आहे.

खडूफळा

मृदगंध, ही पड–पाडची जोडी शिकवताना वापरणार.

कोरीपाटी, त्याच पानावर आणखी तीन जोड्या लिहून ठेवा, परीक्षेत हमखास येतात. फाइंड–फाउंड–फाउंड म्हणजे सापडणे, आणि फाउंड–फाउंडेड–फाउंडेड म्हणजे संस्था वगैरे स्थापन करणे. वाइंड–वाउंड म्हणजे गुंडाळणे, आणि जखमी करणे या अर्थाचं वूंड–वूंडेड, त्याचं स्पेलिंग वाउंडसारखंच. हँगचं भिंतीवर चित्र टांगताना हंग, फाशी देण्याच्या अर्थाने हँग्ड.

वाटसरू

आणि 'गॉटन' चूक आहे का? अमेरिकी मालिकांत सारखं ऐकू येतं.

शब्दफुले

चूक नाही. ते जुनंच रूप आहे, ब्रिटिश इंग्रजीतून गेलं आणि अमेरिकेत राहिलं. तिथे 'हॅव गॉट' म्हणजे जवळ असणं आणि 'हॅव गॉटन' म्हणजे मिळवलं किंवा झालं, असा फरकही करतात. ब्रिटिश पद्धतीने लिहायचं असेल तर गेट–गॉट–गॉट लिहा. फरगेटचं मात्र दोन्हीकडे फरगॉटनच.